निम्म्याहून एक जास्त

राळेगावहून वर्धा नदीच्या अंगानं जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. तिथून आत वळलं, की कापसाच्या पऱ्हाटीची आणि तुरीची वावरं ओलांडून करंजधरा लागतं. या गावात मतदान कुठलंही असो, ग्रामपंचायतीचं, मुंबईचं नाहीतर दिल्लीचं, ममताच्या अंगात त्या दिवशी लग्नघरातल्यासारखी धांदल शिरायची. सकाळी सातलाच अंघोळ, वेणीफणी, चुलीवरचं आटपून ती दारोदार फिरायची. "चाला व, चाला. मंग ऊन होते." बुद्धपुऱ्यातल्या, तिच्या बौद्ध वस्तीतल्या, बाया तिला हसायच्या. ममता म्हणायची, "हसा बाई, हसा. पण मताची ताकद म्या पाह्यली हाये. माह्या डोयानं पाह्यली."

ते काही खोटं नव्हतं.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ममता तेव्हा बावीस वर्षांची होती आणि रुपाली तिच्या कडेवर. लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासऱ्यानं, बाबारावनं, तिला राळेगावला नेऊन तिचं नाव मतदारयादीत चढवलं होतं. "राशनकार्डात मागून चढव, आधी इथं चढव," असं तो म्हणाला होता. पण मत द्यायचा योग काही आला नव्हता. ग्रामपंचायतीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती.

गावात त्या काळी सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे पलीकडचीही गिऱ्हाइकं इकडे यायची आणि दुकान दणक्यात चालायचं. ममताचा नवरा धम्मरत्न मालवाहू ऑटो चालवायचा. माणूस मनाचा मऊ. घरात कुणाला शिवी नाही, कुणावर हात नाही. पण संध्याकाळ झाली की त्याचे पाय आपोआप दुकानाकडे वळायचे, आणि परतताना तो रस्त्यातच कुठंतरी लवंडायचा. मग ममता आणि तिची सासू रुखमाबाई कंदील घेऊन निघायच्या. एकीनं खांदे धरायचे, दुसरीनं पाय. उचलताना तो डोळे न उघडता "माफ कर व आई" एवढंच म्हणायचा.

एका दुपारी वच्छलाबाई बुद्धपुऱ्यात आल्या. रामराव म्हणजे पाटील घरातले, गावातले सगळ्यांत मोठे कास्तकार, आणि वच्छलाबाई त्यांची बायको. दारूचं दुकान भरायचं ते रामरावांच्याच खोलीत. वच्छलाबाईंचा थोरला मुलगा त्याच दुकानापायी महिनाभरापूर्वी गेला होता. त्या सरळ रुखमाबाईच्या ओसरीवर येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "चाय ठेव व, रुखमाबाई."

पाटलाच्या घरची बाई आपल्या घरी चहा मागते हे रुखमाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं कप तीनदा विसळला. वच्छलाबाईंनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. "माहं गेलं ते गेलं. तुहं अजून जितं हाये. हे दुकान बंद कराचं हाये. येतं काय संगं?"

कायद्यात तशी सोय होती. बायांनी मिळून अर्ज द्यायचा, मग फक्त बायांचं मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर. पण त्यात एक मेख होती. मत द्यायला आलेल्या बायांच्या नव्हे, तर यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून एक तरी जास्त मतं आडवीवर पडली पाहिजेत. जी घरी बसून राहिली ती आपोआप उभीच्या बाजूची.

ममता तेव्हा कुणाशी मान वर करून बोलत नव्हती. तरी ती सासूच्या मागं मागं गावभर फिरली. तांड्यावरची हंसाबाई लंगडत यायची, तिला घेऊन फिरली. मतदानाच्या दिवशी एका म्हातारीला बाजेसकट उचलून शाळेत आणलं. रामरावांनी बायकोला घरात कोंडायची भाषा केली, तर वच्छलाबाई म्हणाल्या, "कोंडा. मंग पोराचं तेरावं ज्या खोलीच्या भाड्यातून केलं, त्याच खोलीत मले कोंडा." रामराव खाली मान घालून वावरात निघून गेले.

आडवी बाटली जिंकली. पंधरवड्यात दुकानाला सरकारी सील लागलं. ते लागताना ममता रुपालीला कडेवर घेऊन समोर उभी होती. शिपायानं लाख वितळवून कुलपावर ठेवली, त्यावर ठसा मारला, आणि बायांनी टाळ्या पिटल्या. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं मत. एका कागदावर मारलेला एक शिक्का आणि समोर बंद झालेलं दार.

धम्मरत्नला पहिले काही महिने जड गेले. जवळचं दुकान आता थेट राळेगावात. जायला वेळ, यायला वेळ, आणि ऑटोला डिझेल. हळूहळू जाणं कमी झालं, मग थांबलं. कुणी त्याचं कौतुक केलं की तो लाजून म्हणायचा, "म्या नाही सोडली. तीच दूर गेली."

ज्याचं पहिलं मत असं नेमकं लागतं, त्याला पुढे मत म्हणजे हातातली किल्लीच वाटते. ममताला तशी वाटायची. रस्ता हवा, नळ हवा, मास्तर हवा, तिचं उत्तर एकच असायचं, "मतदान येऊ द्या." रस्ता झाला नाही, नळाला पाणी दोन वर्षांनी आलं, पण तिचा विश्वास ढळला नाही. एकदा दार बंद होताना जिनं पाहिलं, तिला वाटायचं की चूक किल्लीची नाही, आपण नीट फिरवली नाही एवढंच.

तिच्या सासऱ्याचं तसं नव्हतं. बाबाराव पंच्याहत्तरीचा होता. जन्मभर राळेगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या. मतदानाच्या दिवशी पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात काठी, आणि केंद्राचं दार उघडायच्या आत तो रांगेत उभा. मत कायम आपल्या निळ्या झेंड्याच्या माणसाला. तो माणूस कधीच निवडून यायचा नाही. पुष्कळदा अनामत रक्कमही जायची.

"आबाजी, तुमचा माणूस एकदा तरी आला काय?" रुपाली त्याला चिडवायची.

"नाही ना."

"मंग कायले उन्हात उभे राह्यता?"

"तो पडला म्हून काय मत पडते? मत आपलं आपल्यापाशी राह्यते," बाबाराव म्हणायचा, आणि पुढे काही सांगायचा नाही.

आणि रुपाली? रुपाली आता एकोणीस वर्षांची झाली होती. तिची आठवी आणि नववी लॉकडाऊनमध्ये गेली. घरात एकच फोन, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. गावातली सगळी पोरं टाकीच्या सावलीत बसून शाळा शिकली. त्याच वर्षी आजी गेली. राळेगावच्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत रुखमाबाई धम्मरत्नच्या ऑटोतच गेली, आणि तिचं डोकं रुपालीच्या मांडीवर होतं. पुढे मावसभावाच्या भरतीचा पेपर फुटला. त्यानं पुन्हा फी भरली, परीक्षा पुन्हा पुढे गेली. टीव्हीवर नेते सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्यात. रुपालीनं हे सगळं मोठं होताना पाहिलं, जसं दुसऱ्या कुणी पाऊसपाणी पाहावं. तिला त्याचा राग नव्हता. तिचा विश्वासच नव्हता.

अठरा पूर्ण झाल्यावर आईनं नाव चढवायला नेलं, तेव्हा ती मुकाट्यानं गेली. पण विधानसभेच्या दिवशी म्हणाली, "मी नाही येत."

ममताच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "काहून?"

"आई, तुह्या टाइमले मत टाकलं का दुकान बंद होत होतं. आता ज्याले टाकू तो उद्या कोणाच्या गाडीत बसन हे त्यालेच ठाव नसते. मी कायले बोटाले शाई लावू?"

"मंग करतं काय? नुसती धावतं?"

"हो, धावतो. पाय तरी माहे हायेत."

ती पोलीस भरतीची तयारी करत होती. गावातल्या पाच-सहा मुली पहाटे फाट्यापर्यंत धावत जायच्या आणि परत यायच्या. त्या दिवशी ममतानं मत दिलं, घरी येऊन भाकरी थापल्या, पण मुलीशी दोन दिवस बोलली नाही. बाबाराव मध्ये पडला नाही. तो फक्त नातीला म्हणाला, "तुही मर्जी." त्याच्या तोंडून ते ऐकून रुपालीला आईच्या अबोल्यापेक्षा जास्त लागलं.

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला फाट्यावर नवं टिनाचं शेड उभं राहिलं. आधी वाटलं खताचं गोडाऊन असेल. मग पाटी लागली. दुसऱ्या कुठल्या गावातून उठलेलं देशी दारूचं दुकान तिथं आलं होतं. पंधरा-वीस लोकांच्या कुठल्याशा सभेत ठराव झाला म्हणतात. कुणाला कळलं नाही, कुणी विचारलं नाही. फाट्याची जागा करंजधऱ्याच्याच हद्दीत, पण जुन्या बंदीला आता सतरा वर्षं झालेली. कागद कुठं, शिक्का कुठं, कुणाला ठाव नाही.

मुलींचं धावणं आधी बंद पडलं. पहाटेच दोन-तीन माणसं शेडच्या भिंतीला टेकून बसलेली असायची, रस्त्यावर काचा पडलेल्या. एक दिवस कुणीतरी मागून शीळ घातली. मुली शाळेच्या मैदानावर धावू लागल्या. पण मैदान एवढंसं, गरगर फिरून चक्कर यायची.

मग एका संध्याकाळी धम्मरत्न उशिरा घरी आला. ऑटो लावला, हातपाय धुतले आणि न जेवता ओसरीवर बसून राहिला. ममता जवळ गेली. वास आला नाही.

"काय झालं?"

"आज मी उभा राह्यलो तिथं."

"कुठी?"

"फाट्यावर. ऑटो बंद केला न उतरलो. कितीक वेळ उभा होतो. घेतली नाही, ममता. रुपालीची शप्पत, घेतली नाही. पण उभा राह्यलो. रोज त्याच रस्त्यानं जा लागते. समोर दिसली की मले जमत नाही. तुमी बाया पुन्हा करा ना ते. आडवी बाटली."

रुपाली आत पुस्तक घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं. बाप चांगला असतानाच तिनं त्याला पाहिलं होतं. त्याच्या पिण्याच्या गोष्टी तिला नुसत्या गोष्टीच वाटायच्या. आज पहिल्यांदा तिला कळलं, की तिचा बाप सतरा वर्षं एका बंद दाराच्या भरवशावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी ममता वच्छलाबाईंकडे गेली. वच्छलाबाई आता थकल्या होत्या, गुडघे गेले होते. रामरावही राहिले नव्हते. पण नाव ऐकताच त्या उठून बसल्या. "मले उचलून नेजो, पण मी येतो."

अर्ज गेला, सह्या तपासल्या गेल्या, फेब्रुवारीतली तारीख मिळाली. ममताला वाटलं, रस्ता माहीत आहे, फक्त चालायचं आहे. ती मागच्यासारखीच घरोघरी हिंडू लागली. पण गाव मागच्यासारखं नव्हतं. चार घरांमागे एका घराला कुलूप. सुना पुण्याला कंपनीत, लेकी नागपूरला शिकायला. लग्न होऊन गेलेल्या पोरींची नावं अजून इथल्याच यादीत. रुपालीनं ते पाहिलं आणि एका रात्रीत फोनवर ग्रुप काढला. बाहेरगावच्या मुलींना ती एकेकीला फोन करू लागली. मतावर विश्वास नसलेली मुलगी मतासाठी लोकांच्या हातापाया पडत होती, पण ते तिला कुणी बोलून दाखवलं नाही.

"हे बापासाठी करून राह्यली मी," ती आईला म्हणाली. "तुह्या मताच्या ताकदीसाठी नाही."

"कोणासाठी का असंना," ममता म्हणाली. "कर."

तिची मैत्रीण राखी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. ती म्हणाली, येतो. आणखी नऊ-दहा जणी येतो म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी उजाडता उजाडता फाट्यावर एक पांढरी लक्झरी बस येऊन उभी राहिली. माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनाची फुकट गाडी, नाश्ता आणि जेवणासकट. कोण नेतो, काय नेतो, विचारू नका, असा सगळा मामला. ममताला कळलं तेव्हा निम्मी गाडी भरली होती. ती धावत गेली. खिडकीत सखूबाई बसली होती, नव्या साडीत, केसात शेवंती.

"सखूबाई, उतर व! आज मतदान हाये ना!"

सखूबाई ओशाळली. "ममता, लग्न झाल्यापासून मी राळेगावच्या पुढं गेली नाही. माहूरची आई म्हणते, ये. मी संध्याकाळी येतो न टाकतो मत."

"पाचले बंद होते."

सखूबाईनं खिडकीतून हात बाहेर काढून ममताचा हात दाबला, पण उतरली नाही. गाडी निघाली. ममता तिच्यावर चिडू शकली नाही. तिलाही तर माहूर पाहायचं होतं.

तरी बाया आल्या. वच्छलाबाईंना धम्मरत्ननं ऑटोत बसवून आणलं. तांड्यावरच्या बाया एका रांगेत, डोक्यावरून पदर घेऊन आल्या. बाहेरगावच्या दहांपैकी चार मुली पोहोचल्या. राखीचा दुपारी फोन आला. सुपरवायझरनं ऐन वेळी सुट्टी नाकारली होती. ती रडत होती. "रुपाली, मी घरी बसली म्हंजे माहं मत त्या उभ्या बाटलीले गेलं ना व?" रुपालीला खोटं बोलता आलं नाही.

चार वाजता रुपाली स्वतः आत गेली. चिठ्ठी घेतली, आडव्या बाटलीवर शिक्का मारला, घडी घालून पेटीत टाकली. पहिलं मत. बाहेर आली तेव्हा ममता दारातच उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही उगाच हसल्या.

सहाला मोजणी झाली. तहसिलीतून आलेल्या साहेबानं व्हरांड्यात उभं राहून वाचून दाखवलं. आडवी बाटली, तीनशे एक. उभी बाटली, बावीस. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबानं हात वर केला.

"थांबा. गावातल्या बायांची नावं सहाशे छत्तीस. पाहिजे होती तीनशे एकोणीस. ठराव नामंजूर. दुकान चालू राहील."

ममताला आधी कळलंच नाही. "साहेब, आमी तीनशे न ते बावीस. मंग ते कसे जिंकले?"

"नियम आहे बाई," साहेब म्हणाला. त्याचाही चेहरा काही आनंदी नव्हता. "पुन्हा अर्ज द्यायचा तर निदान वर्षभर थांबा."

रात्री आठला माहूरची गाडी परत आली. सखूबाई प्रसादाची पुडी घेऊन ममताच्या दारात आली, उभी राहिली, आणि पुडी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

त्यानंतर ममता गप्प झाली. कामं करायची, निंदायला जायची, बोललं तर उत्तर द्यायची. पण आतून काहीतरी विझलं होतं. तिनं आयुष्यात हरणं पुष्कळ पाहिलं होतं, पण मत देऊन असं उघड उघड हरणं नव्हतं पाहिलं. घरातल्यांना वाटलं, आठ दिवसांत ठीक होईल. ती झाली नाही. पुढच्याच महिन्यात गावाच्या सेवा सहकारी सोसायटीची निवडणूक आली. छोटीशीच, पण ममताच्या नावावर अर्धा एकर असल्यानं तिचंही मत होतं. त्या सकाळी ती सरपणाला निघाली.

"ममता, मत?" बाबारावनं विचारलं.

"तुमी टाका, मामाजी. माहं काही होत नाही त्यानं."

बाबाराव काठी टेकून खाटेवर बसला. नातीलाही त्यानं बोलावलं. ती आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"मी कायले मत टाकतो हे तुमी कधी इचारलं नाही," तो म्हणाला. "रुपाली इचारते, पण हसत इचारते. आज आयका. आपल्या गावची शाळा हाये ना, त्या शाळेत मी दाराबाहेर बसून शिकलो. चार वर्गं. तहान लागली तर पाटील वरतून पाणी वतायचा, मी ओंजळ धरायचो. छप्पन साली माह्या बापानं मले खांद्यावर बसवून नागपूरले नेलं, न आमी बौद्ध झालो. पण गावात पाणी वरतूनच पडे. मंग मी एकवीसचा झालो. बहात्तरचं मतदान आलं, त्याच शाळेत. मी दारातून आत गेलो. कोणी म्हणे ना का बाहेर बस. टेबलावर यवतमाळचा एक साहेब होता. बाजूच्या बाकावर तोच पाटील, कोणाचा तरी एजंट म्हून. त्या साहेबानं माहा हात हातात घेतला. असा. बोट धरलं, अन् शाई लावली. पाटील पाहत होता. मले मत कोणाले टाकलं ते आठवत नाही, पण त्या साहेबाचा हात आठवते. थंडा होता. तवापासून मी हरलो का जिंकलो हे कधी मोजलंच नाही."

धम्मरत्न ऑटो पुसत होता, त्याचा हात थांबला होता.

"मामाजी, मले तसं नाही जमत," ममता शेवटी म्हणाली. "तुमाले हात भेटला. मले दुकान बंद झालेलं भेटलं होतं. मले तेच पायजे."

"मंग तेच माग," बाबाराव म्हणाला. "पण सरपणाले जाऊ नको."

ती तरी गेली. त्या दिवशी तिनं मत दिलं नाही. आडव्या बाटलीच्या त्या पहिल्या मतानंतर पहिल्यांदाच.

पण रुपालीचं भलतंच झालं होतं. तिला हरल्याचा राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा आलेला राग तिला सोडवेना. तीनशे विरुद्ध बावीस, आणि तरी आपण खाली. अठरा मतं कुठं गेली याचा शोध घेत ती यादी घेऊन बसली. एकेका नावावर तिचं बोट फिरायचं. ही लग्न होऊन घाटंजीला गेली. हिचं नाव दोनदा. आणि मग बोट थांबलं. रुखमाबाई बाबाराव. वय बाहत्तर.

"आई," तिनं हाक मारली. "आजी यादीत हाये."

ममता पीठ मळता मळता तशीच आली. दोघी त्या नावाकडे बघत राहिल्या. जिनं पहिल्या वेळी उन्हातान्हात फिरून आडवी बाटली केली, ती बाई मेल्यावर उभीच्या खात्यात मोजली गेली होती. अशी गेलेल्या बायांची नावं रुपालीला चोवीस सापडली.

"ही नावं काटली का निम्म्याचा आकडाच खाली येते," रुपाली म्हणाली. "अन् लग्न झालेल्या पोरींचीही काटू. मंग होते."

चोवीस घरांना भेटायचं होतं, प्रत्येकाकडून मृत्यूचा दाखला आणि सही. तेवीस घरांनी दिली. एक घर अडून बसलं, आणि ते त्यांचंच होतं.

"नाही," बाबाराव म्हणाला. "तिचं नाव काटाचं नाही."

"आबाजी, आजी गेली ना!"

"मले ठाव हाये गेली. पण नाव हाये ना तिथं. तिच्या बापाचं नाव कोणत्याच कागदावर नोतं, ना सातबाऱ्यावर, ना शाळेत. तिचं नाव सरकारनं लिवलं. मी चढवलं होतं, सवता नेऊन. ते मी काटू?"

रुपालीसाठी तो नुसता आकडा होता. ती चिडून काही बोलणार होती, तेवढ्यात ममता सासऱ्यापुढे जमिनीवर बसली. महिनाभरात ती पहिल्यांदा इतकं बोलली.

"मामाजी, आत्याबाई अन् मी तुमच्या पोराले कंदील घेऊन शोधाले जात होतो. तुमी झोपले राहत. आत्याबाई खांदे धरत, मी पाय. एकदा नालीतून काढलं तर त्यायच्या हाताले काच लागली. तो हात घेऊन त्या दुसऱ्या दिवशी गावात फिरल्या, आडव्या बाटलीसाठी. त्यायचं नाव कोणी दारूवाला वापरून राह्यला. तुमी नाव ठेवा म्हणता, पण नाव त्यायच्यापाशी राह्यलं कुठी? ते तर त्यानं घेतलं."

बाबाराव बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन कोरत राहिला. मग म्हणाला, "पेन आन."

त्यानं सही केली. एकेक अक्षर सावकाश, शाळेच्या दाराबाहेर बसून शिकलेलं, गोल गोल. सही झाल्यावर तो उठून मागच्या परसात गेला आणि संध्याकाळपर्यंत घरात आला नाही. रुपाली त्याच्यासाठी चहा घेऊन गेली आणि तीही तिथंच बसून राहिली. काय बोलले ते कुणी विचारलं नाही.

धम्मरत्न आता फाट्यावरून जात नाही. नदीकाठच्या कच्च्या रस्त्यानं वळसा घालून जातो. ऑटोचे पाटे दोनदा तुटले, डिझेल जास्त लागतं. रुपालीला कॉलेजला जायचं असलं की ती त्याच्याच शेजारी बसते. तिला बसनं लवकर पोहोचता येतं, पण ती ऑटोनंच जाते.

नवा अर्ज जायला अजून चार महिने आहेत. ममता मात्र आतापासून फिरू लागली आहे, पण पहिल्यासारखी धांदल करत नाही. संध्याकाळी रुपाली सोबत असते आणि रस्ताभर दोघींचं भांडण चालतं. रुपाली म्हणते, आधी फोन करावा, मग जावं. ममता म्हणते, फोनवर बाईचा चेहरा दिसत नाही. परवा त्या सखूबाईच्या घरी गेल्या. सखूबाईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "तुमाले तोंड दाखवाची लाज वाटते मले."

"लाज ऱ्हाऊ दे," ममता म्हणाली. "माहूर कसं हाये ते सांग. पायऱ्या किती हायेत?"

सखूबाईनं मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली. पायऱ्या, डोंगरावरचा वारा, देवीचं एवढं मोठं मुख. रुपाली दोनदा घड्याळाकडे पाहून उठू लागली, अजून सहा घरं राहिली होती. ममतानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सखूबाईला म्हणाली, "मंग?"